संकल्पातले दंडकारण्य



घरी सत्यनारायण असो की वास्तुशांत, गुरुजी हातावर पळीभर पाणी घालून संकल्प सांगतात. त्यात शालिवाहन शक, मास, तिथी येतात, तसा ठिकाणाचा पत्ताही येतो : दंडकारण्य देश, गोदावरीचे दक्षिण तीर. श्रीरामपूर तालुक्याच्या उत्तरेकडून गोदावरी वाहते, म्हणून आपण दक्षिण तीरावरचे. पलीकडे वैजापूरकडे तेच उत्तर तीर होते. खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, तसाच हा प्रकार.

मग हे नाव आले कोठून? रामायणाच्या उत्तरकांडात त्याची कथा आहे. इक्ष्वाकूचा धाकटा मुलगा दंड हा विंध्य आणि शैवल या पर्वतांमधल्या मुलखाचा राजा. त्याने शुक्राचार्यांची कन्या अरजा हिच्यावर अत्याचार केला. शुक्राचार्यांनी शाप दिला. सात दिवस धुळीचा पाऊस पडला आणि भरले राज्य उजाड झाले. पुढे तेथे रान माजले, ते दंडकारण्य. वनवासात राम, सीता, लक्ष्मण याच अरण्यात राहिले. नाशिकची पंचवटी त्यातलीच मानतात. विदर्भातल्या भवभूतीच्या 'उत्तररामचरित' नाटकातही हेच अरण्य आहे.

नाव अरण्याचे असले, तरी आपल्या भागात शेती फार जुनी आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला उत्खननात साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली. ते लोक गहू, जव, मसूर पिकवीत. तेथेच १९७४ साली चार ओतीव मूर्ती मिळाल्या : बैलजोडीचा रथ, म्हैस, हत्ती आणि गेंडा. शेतीतली जनावरे आणि रानातली जनावरे शेजारी-शेजारी!

पुढे १९५८ साली केंद्र सरकारने पूर्व बंगालच्या निर्वासितांना वसवण्यासाठी बस्तर-कोरापूट भागात योजना आखली. तिलाही नाव दिले दंडकारण्य प्रकल्प. आज दंडकारण्य म्हटले की बस्तर, गडचिरोलीचे जंगल डोळ्यांसमोर येते. आपल्याकडे ते संकल्पापुरते उरले.

ह्यात आपल्यालाही विचार करण्यासारखे आहे. नांगरून उघड्या पडलेल्या रानातली मऊ माती उन्हाळ्यातल्या वावटळीबरोबर उडते, तो धुळीचाच पाऊस. त्याला शाप लागत नाही. झाडे तोडलेले बांध पुरतात. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. तेव्हा येत्या पावसाळ्यात बांधावर कडुनिंब, बाभूळ आणि ओढ्याकाठी करंज लावा. पहिले दोन उन्हाळे पाणी द्या, शेळ्यांपासून राखा. मुलांना दंडकारण्याचा अर्थ सांगताना बोट दाखवायला शेतात चार झाडे तरी हवीत.