स्पर्धेआधी एका पायावर उभे राहून पाहा

राजुरीतून जुन्नर, नारायणगाव, ओतूरच्या कॉलेजात जाणारी आपली मुलं-मुली कबड्डी, खो-खो खेळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, म्हणून मजुरी करणारे आईबापही मुलीला सरावाला पाठवतात. पण चढाईत गुडघा वळून लिगामेंट तुटलं, की ऑपरेशनचा खर्च आणि कित्येक महिने घरी बसणं आलं. म्हणून आम्ही सांगतो, सामने सुरू होण्याआधी पायांचा तोल तपासा.

विहाराच्या फरशीवर चिकटपट्टीच्या तीन रेषा एका बिंदूपासून काढा: एक सरळ पुढे, दोन मागे तिरक्या. खेळाडूने अनवाणी, कमरेवर हात ठेवून, एका पायावर त्या बिंदूवर उभं राहावं. दुसरा पाय रेषेवर जमेल तितका लांब न्यावा, बोट हलकेच टेकवावं आणि तोल न जाता परत यावं. आधी थोडा सराव, मग तीनदा मोजणी. नंतर पाय बदला.

अमेरिकेत २००६ साली २३५ शालेय बास्केटबॉल खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढच्या रेषेवर ज्यांच्या डाव्या-उजव्या पायात ४ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक होता, त्यांना पायाची दुखापत होण्याची शक्यता अडीचपट निघाली. २०१५ साली कॉलेजच्या खेळाडूंतही ४ सेंटिमीटरचा फरक धोक्याचा दिसला. मात्र पुढच्या काही अभ्यासांत असा संबंध आढळला नाही.

म्हणजे ही चाचणी भविष्य सांगत नाही. फरक निघाला म्हणून कुणाला संघातून काढू नका, आणि नाही निघाला म्हणून निर्धास्तही राहू नका. पूर्वी दुखापत झालेल्या पायाला धोका अधिकच असतो.

फरक निघाला तर कमकुवत पायावर रोज काम करा: एका पायावर उभं राहणं, अर्धी बैठक मारताना गुडघा आत न वळू देणं, उडीनंतर गुडघे वाकवून हलकेच उतरणं. नॉर्वेत मुलींच्या फुटबॉल संघांनी सरावाआधी २० मिनिटं असा व्यायाम केला, तेव्हा गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. त्याला पैसा लागत नाही.

गुडघा सुजला, अडकला किंवा चालताना दगा देऊ लागला, तर मालिश करत बसू नका. खेळ थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.