दहा गुंठे वारा

विहिरीचा दोर किती लांब असतो? 15 मीटर धरू. अशा पाचशे विहिरींचे दोर सोडून आणले आणि एकाला एक जोडत गेलं, तर 7.5 किलोमीटर भरतील. तेवढा दोर 'आयएनएस सुदर्शिनी' या एका जहाजावर आहे. पोलादी तारेचा 1.5 किलोमीटर दोर वेगळा. दोन्ही जोडून एक टोक सीएसएमटीला बांधलं तर दुसरं दादरच्या फलाटावर पोचेल. आणि एवढा सगळा दोर ताणून, गुंडाळून, खुंट्यांना वेढे देऊन जिथे ठेवलाय, त्या जहाजाची लांबी आहे 54 मीटर. लोकलचे तीन डबेसुद्धा भरत नाहीत.

सुदर्शिनी धाकटी. थोरली तरंगिणी. दोघींचं माहेर गोवा, वास्कोचं गोवा शिपयार्ड; दोघी नांदतात कोचीला. तरंगिणी 1997 साली नौदलात आली, सुदर्शिनी 2012 साली. दोघींना तीन-तीन डोलकाठ्या आणि वीस-वीस शिडं. उद्याचे नौदल अधिकारी इथे शिडाचं जहाज हाकायला शिकतात. सुदर्शिनीवर 5 अधिकारी, 31 खलाशी आणि 30 शिकाऊ अशी माणसांची रचना. पुढचे सगळे आकडे वाचताना हे शेवटचे तीस जण लक्षात असू द्या, कारण प्रत्येक आकड्याला शेवटी त्यांनी भागायचं आहे.

शिडांचं एकूण क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या आसपास. असं सांगून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही, म्हणून मी ते गुंठ्यांत मोजलं. एक गुंठा म्हणजे 101 चौरस मीटर. तेव्हा झाले जवळजवळ दहा गुंठे. एवढ्या जमिनीवरून भावकीत दोन पिढ्या बोलणं बंद राहिलेलं आपण पाहतो. इथे ती दहा गुंठे कापडाची आहे आणि भर समुद्रात हवेत उभी करायची आहे. कापडाचाच हिशेब हवा असेल तर नऊवारी लुगडं साधारण दहा चौरस मीटर भरतं. म्हणजे शंभर लुगडी. गच्चीवर एकच लुगडं वाळत घालताना वारं सुटलं की त्याचं टोक हातात धरून ठेवायला काय कष्ट पडतात, हे आठवा आणि शंभराने गुणा.

पण गुणाकार तिथे थांबत नाही. वीस नॉटचा वारा म्हणजे ताशी 37 किलोमीटर. झाडं हलतील, छत्री उलटेल, असा. हा वारा समोरच्या दर चौरस मीटरवर ढोबळमानाने साडेसहा किलोचा भार टाकतो. हजार चौरस मीटरवर साडेसहा टन. आता वारा दुप्पट झाला, चाळीस नॉट, तर भार तेरा टन व्हावा असं मनाला वाटतं. होतो सव्वीस टन. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शाळेच्या वर्गात पाठ केलेला हा वर्ग इथे तळव्यांना कळतो. म्हणून वारा खवळण्याआधीच शिडं उतरवायला सुरुवात करावी लागते. खवळल्यावर धावणाऱ्याला उशीर झालेला असतो.

नेटाने दोर ओढणारा माणूस किती ओढेल? तीस-चाळीस किलोची ओढ, फार तर. दहा जण एका दोराला लागले तरी तीनशे-चारशे. समोर टनांचा हिशेब. याचं उत्तर जहाजाच्या बांधणीतच आहे. शिडं वीस का, एकच दहा गुंठ्यांचं का नाही, तर माणसाचा हात तेवढाच आहे म्हणून. वाऱ्याचे आधी वीस वाटे केले, मग प्रत्येक वाट्याला कप्प्या लावून ओढ हलकी केली आणि उरलेली पोरांच्या तळव्यांत दिली. कोकणात नाव किनाऱ्यावर ओढताना सगळे एकदम जोर लावण्यासाठी साद घालतात, तीच युक्ती इथेही चालते. सुरात ओढलं तरच दहा माणसं दहा असतात.

काही कामं दोराने होत नाहीत. शीड गुंडाळायला वर चढावंच लागतं. डोलकाठीला आडव्या बांधलेल्या काठीला यार्ड म्हणतात. त्या यार्डावर पोटावर ओणवं व्हायचं, पाय खालच्या दोरावर, आणि दोन्ही हातांनी कापड आवळत आणायचं. समजा तुम्ही तीस मीटर उंचीवर आहात आणि जहाज दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा अंश कलतंय. तेवढ्याने खाली चहाचा पेला सरकतो. वर तुम्ही चार-पाच सेकंदांत पंधरा मीटर इकडून तिकडे जाता, म्हणजे पाच मजली इमारत आडवी पाडून तिच्या लांबीइतकं, आणि लगेच परत. कमरेला पट्टा असतो. तरीही दर्यावर्दी जुनाच नियम सांगतात: एक हात जहाजासाठी, एक स्वतःसाठी.

उंचीचा हिशेब चुकला तर काय होतं, हे 17 मे 2025 रोजी न्यूयॉर्कमध्ये दिसलं. मेक्सिकोच्या नौदलाचं 'क्वाउतेमोक' हे शिकाऊ जहाज उलटं, मागच्या बाजूने वाहत जाऊन ब्रुकलिन पुलावर आदळलं. डोलकाठ्या सुमारे 48 मीटर, पुलाखालची मोकळी जागा सुमारे 41. सात मीटर कमी पडले. जहाजावर 277 जण होते आणि निरोपाची सलामी म्हणून तरुण कॅडेट यार्डांवर ओळीने उभे होते. डोलकाठ्या मोडल्या तेव्हा अनेक जण पट्ट्यांनी वरच लटकत राहिले. दोघे गेले. लटकलेले वाचले ते त्या पट्ट्यांमुळे.

त्याहून काळा आकडा 1957 चा आहे. जर्मनीचं 'पामीर' हे शिडाचं जहाज बार्ली भरून अर्जेंटिनाहून घरी निघालं होतं. अझोर्स बेटांजवळ चक्रीवादळात सापडून बुडालं. जहाजावर 86 जण, त्यांतले पन्नासहून अधिक शिकाऊ. वाचले सहा.

आता जरा मोकळ्या समुद्राकडे. 23 जानेवारी 2003 ला तरंगिणी कोचीहून निघाली आणि 25 एप्रिल 2004 ला पृथ्वीला वळसा घालून परतली. 18 देश, 36 बंदरं, 33,000 सागरी मैल. विषुववृत्ताचा घेर 21,600 सागरी मैल, म्हणजे हा प्रवास दीड प्रदक्षिणेचा. किलोमीटरमध्ये 61,000. मी बंदरातल्या मुक्कामांसकट सगळे 458 दिवस धरून सरासरी काढली आणि पेन्सिल खाली ठेवली. ताशी साडेपाच किलोमीटर! गाडी चुकेल म्हणून स्टेशनकडे झपाझप निघालेला माणूस याच वेगाने चालतो. फक्त तो 458 दिवस आणि 458 रात्री न थांबता चालत नाही.

याच कोचीत बांधलेली विमानवाहू नौका 'विक्रांत' 262 मीटर लांब आणि सुमारे 45,000 टनांची. तरंगिणीचं वजन 513 टन. पुढे ज्यांना असल्या पोलादी शहरांवर जायचं, त्यांना आधी कापड आवळायला का लावतात? चारित्र्य घडतं, हे ठरीव उत्तर मला मोघम वाटतं. विक्रांतच्या एका टोकावरून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला पोचणार नाही. वारा तिथे पडद्यावरचा आकडा असतो. आकड्याचा भार एकदा अंगावर घेतलेला माणूस तो पडदा वेगळ्या नजरेने वाचत असणार.

दिवस मोजायची रीतही इथे निराळी. आपले प्रहर आठ. जहाजावरच्या पाळ्या चार-चार तासांच्या, पण संध्याकाळची चार ते आठची पाळी मधोमध तोडलेली, म्हणून एकूण सात. सम आकडा ठेवला तर दोन तुकड्यांपैकी एकीच्या नशिबी रोज तीच मध्यरात्र येईल. सात केल्या की पाळी रोज सरकते. तीन तुकड्या असल्या तरी सात जमतात.

आणि मध्यरात्र म्हणजे खरोखरची. अमेरिकी तटरक्षक दलाच्या 'ईगल' या 90 मीटरच्या शिकाऊ जहाजावर दोनशेहून अधिक दोर आहेत आणि प्रत्येकाचं नाव, काम कॅडेटला तोंडपाठ लागतं. दिवसा ते दिसतात तरी. रात्री दोन वाजता, पावसात, डेकवर दिवा नसताना एका दोराचं नाव पुकारलं जातं. पोरगं कठड्याला चाचपत निघतं. एक खुंटी, दोन, तीन, चार. पाचव्या खुंटीवर हात थांबतो, वेढे सोडतो.