नस काढलेली दाढ पुन्हा का दुखते?

कराडजवळ खोडशी येथे कृष्णा नदीवर एक जुना बंधारा आहे. तेथून निघालेला कृष्णा कालवा सातारा जिल्ह्यातून सांगली जिल्ह्यात उतरतो. कालव्याला पाट फुटतात, पाटांना चाऱ्या. समजा, मुख्य कालव्यातला गाळ काढला, पण चाऱ्या तशाच राहिल्या, तर काम पुरे झाले असे तुम्ही म्हणाल का? दाताच्या मुळातही असाच एक अरुंद कालवा असतो. 'रूट कॅनाल' या नावातला 'कॅनाल' तोच.

या कालव्यात दंतगर असतो. बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांनी भरलेल्या या मऊ भागालाच आपण बोलताना 'नस' म्हणतो. कीड खोलवर गेली की जंतू तेथे शिरतात आणि ठणका सुरू होतो. दोष जंतूंचाच, हे १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले. त्यांनी दाढा कोरून दंतगर उघडा पाडला. साध्या उंदरांचा दंतगर सडला. पूर्णपणे जंतुरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांचा मात्र, भोकात अन्न अडकूनही, भरून येऊ लागला!

उपचारात दंतवैद्य बारीक कानशींनी नळी साफ करतात आणि सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने धुतात. कपडे पांढरे करण्याच्या द्रवातले रसायन तेच. मग नळीत गुटापर्चा भरतात. हा आग्नेय आशियातील एका झाडाचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या तारांवर याचेच वेष्टण असे.

आता चाऱ्यांकडे वळू. स्वित्झर्लंडचे वॉल्टर हेस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी काढलेल्या दातांच्या पोकळीत रबर भरून त्यांचे ठसे घेतले. सरळ नळीऐवजी त्यांना फाटे, जाळ्या आणि आडवाटा दिसल्या. वरच्या पहिल्या दाढेला मुळे तीन, पण नळ्या पुष्कळदा चार असतात आणि चौथी सहज नजरेतून सुटते. कानस आडवाटेत वळत नाही. तेथे द्रावण पोचले तरच सफाई. सांगली आणि कराड येथील दंत महाविद्यालयांत विद्यार्थी आधी काढलेल्या दातांवर हात बसवतात, ते उगीच नव्हे.

मागे राहिलेल्या जंतूंत एंटेरोकॉकस फीकॅलिस हा मोठा चिवट. दोन भेटींच्या मधल्या काळात नळीत पुष्कळदा कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा लेप ठेवतात. तुमच्या प्रयोगशाळेतील चुन्याच्या निवळीत असते तेच. त्याच्या तीव्र अल्कतेत बहुतेक जंतू मरतात. हा मात्र हायड्रोजनचे आयन आत ओढून आपल्या पेशीतील अल्कता आटोक्यात ठेवतो, आणि उपाशीही दीर्घकाळ तग धरतो.

दुसरी वाट वरून येते, आणि माझ्या मते टाळण्याजोगी तीच अधिक. दोन भेटींत ठणका थांबतो. घरी उसाची तोड आलेली असते, एस.टी.चा फेरा नकोसा वाटतो, आणि वरचे तात्पुरते सिमेंट तसेच राहते. ते चघळून झिजते, कडेला फट पडते, लाळेबरोबर जंतू आत उतरतात. दाढेवर टोपी बसवलेली नसेल तर पोखरलेली दाढ तडकण्याचाही धोका असतो. तडा म्हणजे जंतूंना नवी वाट.

पण नसच काढली, तर दुखते काय? दुखतो तो दाताभोवतीचा भाग. मुळाला जबड्याशी बांधणारे तंतू आणि हाड यांना संवेदना असते. जंतूंची विषे मुळाच्या टोकातून बाहेर झिरपली की तेथे सूज येते, चावताना कळ निघते, कधी हिरडीवर पुळी येऊन पू वाहतो. गार-गरम मात्र त्या दाढेला कळत नाही. पुष्कळदा तर काहीच दुखत नाही. आतले हाड हळूहळू विरघळत असते आणि क्ष-किरण चित्रात मुळाच्या टोकाशी काळसर डाग दिसतो. म्हणून उपचारानंतर वर्षभराने पुन्हा चित्र काढतात. जुना डाग भरून यायला कधी तीन-चार वर्षेही लागतात, तेव्हा तो लहान होतो आहे की मोठा, हे पाहावे लागते.

मोठा होत असेल, तर जुना गुटापर्चा उकरून नळी नव्याने साफ करता येते. हल्ली सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सुटलेली चौथी नळीही शोधतात. तेवढ्याने भागले नाही, तर हिरडी उघडून मुळाचे टोक सुमारे तीन मिलिमीटर कापतात, कारण बहुतेक फाटे तेथेच असतात, आणि उरलेले तोंड खालून बंद करतात. दाढ मुळापर्यंत उभी चिरली असेल, तर बहुधा ती काढावीच लागते.