शेरशाहचा रुपया

दिल्लीच्या तख्तावर शेरशाह सूर बसला जेमतेम पाच वर्षे, 1540 ते 1545. पण त्याने पाडलेले सुमारे साडेअकरा ग्रॅमचे चांदीचे नाणे टिकले. सूर घराणे संपले तरी अकबराने तेच वजन जवळपास जसेच्या तसे पुढे चालवले, कारण व्यापाऱ्यांचा भरवसा वजनावर होता, राजावर नव्हे. दिल्लीची सत्ता नावापुरती उरली तरी मराठ्यांच्या टांकसाळींतले रुपये बादशहाच्याच नावाने पडत. ईस्ट इंडिया कंपनीचेही तेच. (बादशहा पेन्शनवर, नाव मात्र खणखणीत!) कंपनीने 1835 मध्ये त्यावर इंग्लंडच्या राजाचा मुखवटा आणला आणि वजन 180 ग्रेन, म्हणजे एक तोळा ठरवले. सोने मोजायचा 11.66 ग्रॅमचा जुना तोळा तो हाच. आज सराफ दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, हे ग्राहकाने ध्यानात ठेवलेले बरे. सोळा आण्यांचा हिशेब 1 एप्रिल 1957 रोजी सुटला आणि शंभर नवे पैसे आले. नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका, मॉरिशस आणि सेशेल्स या देशांचे चलनही आज रुपयाच आहे.