मृग नक्षत्र मुलांस दाखवा

मृग लागला कीं पाभर बाहेर निघते. परंतु तो आकाशांत कोठें असतो, असें शेतकऱ्याच्या मुलास विचारतां तो ढगांकडे बोट दाखवितो. दोष आपला आहे.

आम्ही एक सोपा प्रयोग सुचवितों. अंगणाच्या मध्यभागीं कंदील ठेवून भोंवतीं २७ नक्षत्रांच्या नांवांच्या पाट्या प्रदक्षिणेच्या क्रमानें उभ्या कराव्या. कंदील हा सूर्य; त्याभोंवतीं फिरणारा मुलगा ही पृथ्वी. त्यास कंदिलामागें जी पाटी दिसेल तें सूर्यनक्षत्र. सुमारें साडेतेरा दिवसांनीं तें पालटतें. जूनच्या ७-८ तारखेस मृगाची पाटी येते; म्हणजे ज्या दिवसांत आपण मृगाचें नांव घेतों, त्याच दिवसांत त्याच्या तारका सूर्याच्या तेजांत लपलेल्या असतात!

पृथ्वीचा आंस संथपणें डोलत असल्यामुळें ही तारीख सुमारें ७२ वर्षांत एक दिवस पुढें सरकते. पाऊस मात्र ऋतूबरोबरच राहतो. तेव्हां पेरणीपूर्वीं नक्षत्राचें वाहन बेडूक कीं म्हैस हें पाहण्यापेक्षां ओल किती खोल गेली तें पाहावें.

मार्गशीर्षांत रात्रीं खळ्यावर राखणीस जातांना मुलास बरोबर न्यावें. पूर्वेस एका ओळींत तीन तारका वर येतात, तो मृगाच्या पोटांतील बाण. त्याच रेषेंत खालीं लखलखतो तो व्याध.