थंडीत घोड्यावर बसताना

हिंगोली ही निजामाच्या काळातली लष्करी छावणी. आता इकडे घोडे दिसतात ते वरातीत, नाहीतर मार्गशीर्षात शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत. तिथून घोडा घरी आला, की मुलीही बसायचा हट्ट धरतात. बसू द्यावे! आपल्याकडच्या बायका नऊवारी नेसून घोडा फेकत होत्याच की. पण मराठवाड्यातली पौषातली पहाट बोचरी, आणि चालत्या घोड्यावर वारा जास्तच झोंबतो.

एकच जाडजूड स्वेटर नको. आत सुती बनियन, वर लोकरीचा स्वेटर, त्यावर वारा अडवणारे जाकीट. ऊन चढले की वरचे काढता येते. खाली चुडीदार बरा. ढगळ सलवार वर सरकते नि पिंढऱ्या सोलवटतात. शाल मात्र घरीच ठेवा, बाई! पदर फडफडला की घोडा बुजतो. हेल्मेटखाली पातळ कानटोपी पुरे.

मोजे लोकरीचे, पण एकच जोड. दोन कोंबले तर बूट आवळतो, रक्त फिरत नाही आणि पाय उलट गारठतात. म्हणून भावाचा मोठा बूटही देऊ नका. तो रिकिबीत अडकला नि मुलगी पडली, तर घोडा तिला फरफटत नेईल! बूट टाचेचा, रिकिबीतून सहज सुटणारा हवा. हातमोज्यांची बोटे सुटी विणून तळव्याला कातड्याचा तुकडा शिवावा, म्हणजे लगाम निसटत नाही.

परतल्यावर आधी घामाचे बनियन बदलायला लावा, मग चहा. घोड्याचाही घाम पुसूनच पाठीवर झूल टाकावी.