सी, सी, सी... पाठव की!

एरीज नावाचा चिमुकला बोर्ड यूएसबी केबलनं लॅपटॉपला जोडावा, सीरियल टर्मिनल उघडावं आणि रीसेटचं बटण दाबावं. पडद्यावर आधी सी-डॅक या संगणन संस्थेचं नाव येतं. मग ‘सी’ हे इंग्रजी अक्षर एकामागून एक उमटायला लागतं. सी, सी, सी. बोर्ड प्रोग्राम मागतोय!

वाराणसीच्या आयआयटीत (बीएचयू) 2019 साली ‘परम शिवाय’ हा महासंगणक सुरू झाला, तो पुण्यात मुख्यालय असलेल्या याच सी-डॅकनं उभारलेला. क्षमता सेकंदाला सुमारे 837 लाख कोटी आकडेमोडी. एरीज हे त्याच घरचं शेंडेफळ: थेजस32 चिप, वेग 100 मेगाहर्ट्झ, आतली रॅम 256 किलोबाइट. मला विचाराल तर खरा अचंबा या शेंडेफळाचाच.

कारण ज्या चिपमध्ये अजून आपला प्रोग्रामच नाही, ती तो मागते कशी? उत्तर असं की एक छोटासा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, तिच्यात आधीच बसवलेला असतो. त्याचं काम एवढंच: जागं व्हायचं, बाहेरून येणारं सामान उतरवून घ्यायचं आणि कारभार नव्या प्रोग्रामच्या हाती देऊन बाजूला व्हायचं.

सामान येतं एक्समोडेम पद्धतीनं. वॉर्ड क्रिस्टेन्सन या अमेरिकन माणसानं ती 1977 मध्ये लिहिली, टेलिफोनच्या खरखरत्या तारांवरून फायली धाडता याव्यात म्हणून. प्रत्येक पाकीट 133 बाइटांचं. सुरुवातीची खूण, पाकिटाचा क्रमांक, तोच क्रमांक उलटा करून, मग 128 बाइट माल आणि शेवटी तपासणीचे दोन बाइट. हिशोब जुळला तर बोर्ड पोचपावती देतो, नाही जुळला तर तेच पाकीट पुन्हा मागतो. केबल यूएसबीची असली तरी तिच्यातून बोलणं चालतं ते हे असं, जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीचं.

मात्र रॅममध्ये उतरवलेला प्रोग्राम वीज गेली की गेला. टिकवायचा तर फ्लॅश चिपमध्ये लिहावा लागतो. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी 1984 मध्ये जगापुढे मांडलेली ही स्मृती. तिच्या प्रत्येक कप्प्यात चारी बाजूंनी निरोधक थरानं वेढलेला एक कणाएवढा तुकडा असतो. लिहिताना जादा व्होल्टेजच्या जोरावर इलेक्ट्रॉन त्यात ढकलतात आणि ते वीज नसतानाही वर्षानुवर्षं तिथेच अडकून राहतात. अडकले तर शून्य, नसले तर एक. पुसताना तर कमालच: भिंतीला भोक न पाडता इलेक्ट्रॉन तिच्यातून आरपार निघून जातात. क्वांटम टनेलिंग म्हणतात ते हेच, आणि ते आपल्या टेबलावर घडत असतं.

नवख्यांनी बिचकू नये. एक्समोडेमनं पाठवताना केबल मध्येच निघाली तरी बोर्ड कामातून जात नाही. रीसेट दाबा आणि फाईल पहिल्यापासून पाठवा.